शेवटच्या टमटमचे गणित

कर्जत स्टेशनातून बाहेर पडून कोंडिवड्याच्या दिशेने निघाले की दहा-बारा किलोमीटर रस्ता आहे. पुढे कोंडाणे, आणि तिथून उल्हास नदीच्या खोऱ्यातून राजमाचीच्या पायथ्याच्या लेण्यांकडे चढणारी रानवाट. इसवी सनापूर्वीच्या काळातले हे लेणे. कण्हाचा शिष्य बलक याने ते केले, असे तिथला ब्राह्मी लेख सांगतो. या वाटेची दोन रूपे आहेत. आषाढ-श्रावणातल्या रविवारी तिच्यावर जत्रा लोटते: पुण्या-मुंबईची टोळकी, बॅगेत स्पीकर, काहींच्या हातात बाटल्या. मंगळवारी दुपारी त्याच वाटेवर एखादी मोळीवाली, एखादा गुराखी आणि माकडे. सुनसान जागा धोक्याची आणि गजबजलेली जागा सुरक्षित, असे आपण पोरींना लहानपणापासून पढवतो. हा नियम इथे लावून पाहावा. मोळीवालीसाठी मंगळवारची निर्जन वाट ही घरचीच वाट आहे. तिथला प्रत्येक दगड आणि आडोसा तिच्या पायांना ठाऊक असतो, समोरून येणारा माणूस कोण हे लांबूनच कळते. रविवारच्या गर्दीत मात्र ती आपल्याच रानात परकी होते.

म्हणजे सुरक्षिततेचा संबंध माणसांच्या संख्येशी नाही. ती माणसे कोण आहेत, त्यांचे त्या जागेशी नाते काय, आणि काही घडले तर त्यांच्यातला कोण कोणाच्या बाजूने उभा राहील, यावर ती ठरते. रस्त्यावरच्या भीतीचा विचार करायचा तर सुरुवात इथून करावी लागते.

पहिल्यांदा दोन गोष्टी वेगळ्या करू. एक घटना आणि दुसरी धास्ती. घटना पोलीस मोजतात. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात स्त्रियांविरुद्धचे 4,45,256 गुन्हे नोंदले गेले. त्यात सर्वात मोठा वाटा, 31.4 टक्के, नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेचा होता. बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असण्याचे प्रमाण वर्षानुवर्षे नव्वद टक्क्यांच्या वर आहे. या आकड्यांवरून पाहता बाईने धास्ती घ्यायची ती घराची. प्रत्यक्षात ती घेते रस्त्याची. इंग्लंडच्या भूगोलाच्या अभ्यासक गिल व्हॅलेंटाइन यांनी 1989 मध्ये याच विसंगतीवर बोट ठेवले होते: हिंसा घडते बहुतेक खासगी जागेत, भीती मात्र चिकटते सार्वजनिक जागेला.

यावरून बायकांची भीती अवास्तव आहे, असा निष्कर्ष काही शहाणे लगेच काढतात. तो चूक आहे. पहिले कारण असे की आकडा फक्त नोंदलेल्या गुन्ह्यांचा असतो. टमटममध्ये शेजारच्याने कोपर घासले, पुलावर उभ्या पोरांनी शीळ घातली, कुणी स्टेशनपासून वळणापर्यंत मागे चालत आला, यांची नोंद कोण करते? दुसरे कारण अमेरिकी समाजशास्त्रज्ञ केनेथ फेरारो यांनी 1996 मध्ये मांडले. स्त्रीच्या बाबतीत प्रत्येक लहान त्रासावर मोठ्या अत्याचाराची सावली पडलेली असते, असे त्यांचे म्हणणे. पुरुषाला अंधारात कुणी हटकले तर फार तर पाकीट जाईल, एवढीच भीती. बाईला कुणी हटकले तर ‘हा एवढ्यावरच थांबेल का?’ हा प्रश्न त्याच क्षणी उभा राहतो आणि उत्तर तिच्या हातात नसते. शीळ घालणाऱ्याला ती गंमत वाटते, कारण आपण पुढे काही करणार नाही हे त्याला माहीत असते. तिला ते माहीत असण्याचा मार्ग नाही. अपुऱ्या माहितीवर जिवाचा निर्णय घ्यावा लागला की सावध माणूस वाईटात वाईट शक्यता धरूनच चालतो. धरणाखालच्या गावाने भोंगा वाजला की वर पळावे, तसे हे आहे. याला भित्रेपणा म्हणायचे तर सगळे आपत्ती व्यवस्थापनच भित्रे ठरेल.

भाषेनेही या प्रकरणात हात धुऊन घेतले आहेत. आपण ‘छेडछाड’ म्हणतो. तार छेडतात, सूर छेडतात. त्या शब्दात एक खोडकर गोडवा आहे आणि तो सगळा छेडणाऱ्याच्या बाजूचा आहे. कायद्याने निदान हा गोडवा सोडला. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतील अत्याचारानंतर न्यायमूर्ती जगदीश शरण वर्मा यांच्या समितीने जानेवारी 2013 मध्ये अहवाल दिला, आणि त्या वर्षीच्या दुरुस्तीने लैंगिक छळ, चोरून पाहणे, पाठलाग हे स्वतंत्र गुन्हे झाले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ कलम 75 मध्ये आणि पाठलाग कलम 78 मध्ये आहे. अश्लील शेऱ्याला एक वर्षापर्यंत, नको असलेल्या लगटीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पाठलागाला पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत. बोलीत मात्र अजून ‘छेड काढली’च चालते. ‘काढणे’ हे क्रियापद आपण खोडीलाही वापरतो.

आता ‘लोकांची नजर’ या उपायाकडे येऊ. जेन जेकब्ज यांनी 1961 मध्ये अमेरिकी शहरांविषयीच्या पुस्तकात म्हटले की रस्ता सुरक्षित राहतो तो पोलिसांमुळे कमी आणि रस्त्यावर असलेल्या सामान्य डोळ्यांमुळे जास्त: दुकानदार, खिडकीत बसलेली म्हातारी, येणारे-जाणारे. हे तत्त्व जगभरच्या नगररचनेत गेले. त्यात तथ्य आहे, पण त्याला एक मराठी पुरवणी जोडावी लागते, आणि ती 1883 सालची आहे.

आनंदीबाई जोशी कल्याणच्या, म्हणजे आजच्या कर्जत लोकलच्या मार्गावरच्या. लग्नानंतर काही काळ त्या अलिबागलाही होत्या, म्हणजे याच रायगड जिल्ह्यात. अमेरिकेला जाण्यापूर्वी, फेब्रुवारी 1883 मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूर कॉलेजात त्यांनी भाषण केले. आपण शिकायला परदेशी का जातो याची कारणे त्यात दिली आहेत, आणि त्यांतले एक कारण चक्क रस्ता आहे. जाता-येता बघे कसे गोळा होत, हसत. दुकानदार आणि फेरीवाले कसे थुंकत आणि सांगता येणार नाहीत असे हावभाव करत. आणि व्हरांड्यात प्रतिष्ठितपणे बसलेली मंडळी कशी शेरेबाजी करत, खडे मारायलाही लाजत नसत, हे त्यांनी भर सभेत सांगितले. त्यांचे वय तेव्हा अठराही पूर्ण नव्हते. डॉक्टरीण म्हणून आपण त्यांचे चरित्र मुलांना शिकवतो. सार्वजनिक जागेतील छळाची साक्ष देणारी एक मराठी स्त्री म्हणून त्यांचे नाव कुणी घेत नाही. जेकब्जच्या सिद्धांतातले सगळे डोळे त्या रस्त्यावर हजर होते: दुकानदार, व्हरांड्यातले शेजारी, वाटसरू. आणि खडे मारणारे नेमके तेच होते.

तेव्हा डोळे असून भागत नाही, ते कोणाचे हा प्रश्न उरतोच. ज्या रस्त्यावर बाईचे असणे हेच नवल मानले जाते तिथे डोळे राखण करत नाहीत, पहारा करतात. राखण तिच्यासाठी असते आणि पहारा तिच्यावर. हा भेद केल्याशिवाय सीसीटीव्हीपासून दक्षता समितीपर्यंत कोणत्याच उपायाची पारख होत नाही.

कोंडाण्यासारख्या गावात हा भेद आणखी टोकदार होतो. या विषयावरचे बहुतेक विवेचन शहराकडे पाहून झालेले आहे, आणि शहरातल्या भीतीचा नायक अनोळखी माणूस असतो. गावच्या रस्त्यावर अनोळखी माणूस आठवड्यातून दोन दिवसच येतो. बाकी दिवस सगळे ओळखीचे. टमटमवाला कुणाचा तरी चुलतभाऊ, नाक्यावर बसलेला पोरगा शाळेतला. इथल्या मुलीची धास्ती दुहेरी असते. एक, तो काही करेल. दुसरी, त्याने काही केल्याची बातमी माझ्या आधी घरी पोहोचेल आणि वाटेत तिचा अर्थ बदललेला असेल. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवरच्या 2011 च्या पुस्तकात दाखवले की बाईला रस्त्यावर असण्यासाठी सतत काहीतरी काम दाखवावे लागते. विनाकारण रेंगाळण्याचा हक्क पुरुषाचाच. गावात तर हे उघड्यावर चालते. पार, देवळाची पायरी, नाका, पूल या बसायच्या जागा, आणि बसणारे पुरुष. बायका दिसतात त्या कामात: पाण्यावर, लावणीला, मोळी घेऊन, बाजाराला. हात रिकामे असले की वाटेतला कोणीही विचारू शकतो, ‘कुठं गं निघालीस?’ हा प्रश्न मायेचाही असतो, हे मान्य करायला हवे. तोच प्रश्न तिच्या भावाला कुणी विचारत नाही, हेही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना विचारले होते की बाजार, दवाखाना आणि गावाबाहेर या तिन्ही ठिकाणी एकटीने जाण्याची मुभा आहे का. देशभरात 42 टक्के स्त्रियांनी होय म्हटले. इथे ‘मुभा’ हाच शब्द सगळे सांगतो. प्रौढ, मतदार, कमावती स्त्री. आणि बाजारात जायला मुभा.

माझ्या मते विषयाचा गाभा इथेच आहे. समजा, कोंडाण्याची एक मुलगी कर्जतला अकरावीला आहे. संध्याकाळी परतताना रोज एक जण टमटममध्ये शेजारी येऊन बसतो आणि लगट करतो. कायदा तिच्या बाजूने आहे. 112 हा मदतीचा क्रमांक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. राजमाची मावळ तालुक्यात, पुणे जिल्ह्यात आणि पायथा रायगडात, अशा सीमेवरच्या वाटेला ही तरतूद महत्त्वाचीच. तिचा जबाब स्त्री पोलिसाने घ्यायचा आहे. एवढे सगळे असून ती काय करते? बहुधा काहीच सांगत नाही. कारण तिला माहीत आहे की घरी सांगितले तर पहिला निर्णय त्या माणसाबद्दल होणार नाही, तिच्या कॉलेजबद्दल होईल. ‘राहू दे आता कर्जत, काय शिकून दिवे लावायचेत.’ आई घाबरेल, बाप चिडेल, आत्या सोयरीक सुचवेल. त्यांच्यापैकी कोणीही दुष्ट नाही. प्रत्येक जण तिला जपतोच आहे. पण जपण्याचे हत्यार एकच आहे, तिचे येणे-जाणे बंद करणे. आणि ते पडते तिच्यावर. गुन्हा त्याचा, दंड तिला, आणि तो दंड ठोठावतात तिच्यावर प्रेम करणारी माणसे.

म्हणून ती गप्प बसते, आणि गप्प बसण्यात तिचा हिशेब पक्का आहे. त्रास सोसला तर कॉलेज राहते. तक्रार न करण्याला आपण लाज, संस्कार, अज्ञान अशी नावे देतो. मला वाटते, ते आपल्या घराचे अचूक ज्ञान आहे. तक्रारींची संख्या वाढवायची तर पोलीस ठाण्यात बायकांसाठी स्वतंत्र खोली हवीच, पण त्याआधी बापाने जेवताना एकदा स्पष्ट म्हणायला हवे की काही झाले तरी तुझे कॉलेज सुटणार नाही, मग सांग.

हा दंड नेमका किती, हे काही अभ्यासकांनी मोजले आहे. अर्थशास्त्रज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे कॉलेजनिवडीचे निर्णय तपासले. सुरक्षित वाटणाऱ्या मार्गासाठी मुली गुणवत्तेने बऱ्याच खालच्या कॉलेजात प्रवेश घेतात, आणि वर्षाला 18,800 रुपयांपर्यंत जास्तीचा प्रवासखर्च सोसायला तयार असतात, असे त्यांना आढळले. पुरुष विद्यार्थी असा सौदा इतक्या प्रमाणात करत नाहीत. कर्जत-खालापुरात निवडायला एवढी कॉलेजेच नाहीत, तेव्हा इथे सौदा वेगळा होतो: बारावीपर्यंत की पुढे, कल्याणपर्यंत की घरीच. खोपोलीतल्या ऑफिसातली दुसरी पाळी घ्यायची की सोडायची. 2017 चा महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा स्त्रीला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचे तर तिची संमती, संरक्षण आणि वाहतूक यांची अट घालतो. अट चांगली आहे. पण कंपनीची गाडी नाक्यावर सोडून गेली, तर नाका ते घर हा तुकडा कोणाचा? बहुतेक भीती अशा तुकड्यांत राहते: स्टेशन ते स्टँड, फाटा ते पाडा, नळ ते घर. कोणत्याच खात्याच्या नकाशावर हे तुकडे नसतात.

प्रवासाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण आपल्याकडे सर्वात जास्त यश इथेच आले आहे. मुंबईच्या लोकलमधला लेडीज डबा ही जगातल्या फार थोड्या यशस्वी व्यवस्थांपैकी एक आहे. 1989 च्या रेल्वे कायद्यात स्त्रियांसाठी जागा राखण्याची तरतूद आहे, आणि त्या डब्यात घुसणाऱ्या पुरुषाला पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. 1992 मध्ये चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली लेडीज स्पेशल धावली. कर्जतच्या बायका या डब्यात भाज्या निवडतात, हळदीकुंकू करतात, डोळा लागला तर शेजारणीच्या खांद्यावर मान टाकतात. झोप हा सुरक्षिततेचा सर्वात खरा निर्देशांक आहे, असे मला नेहमी वाटते. माणूस तिथेच झोपतो जिथे त्याला पहारा द्यावा लागत नाही. पण हाच डबा बदलापूर, वांगणी करत रिकामा होत जातो, आणि रात्रीच्या गाडीत नेरळच्या पुढे तीन-चार जणी उरल्या की त्याच भिंती बंदिस्त वाटू लागतात. दार चालत्या गाडीत उघडे, पुढच्या डब्यात जायला वाट नाही. तिथे पोलीस किंवा होमगार्ड बसतो तो म्हणूनच. थोडक्यात, डबा सुरक्षित होतो तो पाटीमुळे नव्हे, आतल्या बायकांमुळे.

यातून एक नियम निघतो आणि तो गावरस्त्यालाही लागू पडतो. बायका जितक्या जास्त बाहेर, तितकी प्रत्येकीची भीती कमी. आणि भीतीपोटी एकेक जण घरी बसली की उरलेलींची वाढते. मुलीला घरी ठेवणारा बाप नकळत शेजारच्याच्या मुलीचा रस्ता अधिक सुनसान करत असतो. बिहारने 2006 पासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात त्यामुळे मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी 32 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले, आणि शाळा लांब असलेल्या गावांत परिणाम जास्त होता. सायकलने अंतर तोडले हे खरे, पण मुली घोळक्याने रस्त्यावर दिसू लागल्या हेही तितकेच खरे. कोंडाण्याच्या चढाला सायकल फारशी कामाची नाही, हा भाग वेगळा.

आपल्याकडे एसटीत पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास आहे, आणि मार्च 2023 पासून सर्व स्त्रियांना निम्मे तिकीट. दोन्ही निर्णय चांगले. पण पासाला किंमत गाडीमुळे येते. शाळा सुटायच्या वेळी एसटी नसेल तर मोफत पास दप्तरात राहतो आणि मुलगी दाटीवाटीने टमटममध्ये बसते. जिथे तीनच्या जागेत पाच बसतात तिथे ‘चुकून लागला’ या सबबीला जागाच जागा असते. वाहनातली गर्दी हा सोयीचा प्रश्न मानला जातो. बाईच्या दृष्टीने तो सुरक्षिततेचा पहिला प्रश्न आहे.

सगळ्यात शेवटच्या टोकाला आहेत ठाकूर आणि कातकरी वाड्यांतल्या बायका. पायी रस्ता सर्वात लांब त्यांचा, पहाट आणि अंधार सर्वात जास्त त्यांच्या वाट्याला. करवंदे, रानभाजी, मोळी घेऊन बाजाराला. आणि आता फार्महाऊसवर झाडलोट, स्वयंपाक. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील 2015 च्या दुरुस्तीने आदिवासी स्त्रीला संमतीविना लैंगिक हेतूने केलेला स्पर्श आणि तसे शब्द किंवा हावभाव हा वेगळा गुन्हा ठरवला. फार्महाऊसवरची मोलकरीण 2013 च्या कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या कायद्याखालीही येते. तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. जिल्हा म्हणजे अलिबाग, खालापूर आणि पेण ओलांडून पलीकडे. कायद्यात त्यासाठी तालुक्याला समन्वय अधिकारी नेमायची तरतूद आहे. त्याचे नाव आणि फोन पाड्याच्या अंगणवाडीच्या भिंतीवर लिहायला एक डबा रंग लागतो.

याउलट पैसा आणि लक्ष जाते बटणांकडे. मोबाइलमध्ये पॅनिक बटण, प्रवासी वाहनात पॅनिक बटण. डोंगराआड रेंज गेली की बटण हे फक्त बटण राहते. पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर प्रशासन बंदीचे आदेश काढते ते मुख्यतः बुडून होणाऱ्या मृत्यूंमुळे, आणि ते योग्यच. पण त्याच वाटेवरच्या दारूबाज टोळक्यांमुळे गावच्या बायकांना दर रविवारी जी वाट बदलावी लागते, ती कोणत्याच आदेशाच्या कारणांत येत नाही. पर्यटनाने गावात पैसा आला हे खरे. त्या पैशाचा एक भाग गावाच्या बायकांनी आपल्या वाटा सोडून भरला, हेही ग्रामसभेच्या इतिवृत्तात एकदा यावे.

पालकमंत्री, आगारप्रमुख, पोलीस निरीक्षक अशी मंडळी स्त्री-सुरक्षेवर व्यासपीठावरून बोलतात तेव्हा त्यांना कॅमेरे किती बसवले हे विचारू नका. कर्जतहून कोंडिवड्याला संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता सुटते, ती भरली नाही तरी सुटते का, आणि ती चुकली तर बाईने काय करायचे, एवढेच विचारा.